म्हशीचं नाव बदलायचं राहिलं

धैर्यशील चौगलेच्या नावात धैर्य होतं, आणि ते तिथंच होतं. रस्त्यात कुत्रं आडवं आलं की हा गडी पलीकडच्या बाजूनं जायचा. भाजीवालीनं कडू दोडका दिला तर परत न्यायची छाती व्हायची नाही, मुकाट्यानं गूळ घालून खायचा. हे सगळं त्याचं त्याला चांगलं ठाऊक होतं. पण ठाऊक आहे तेवढं सगळं पुस्तकात लिहायलाच पाहिजे असं कुठं आहे?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये तो स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मराठी व्याकरण शिकवायचा आणि तिथंच तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहायचा. मूळचा कसबा बावड्याचा. बावडा काय सातासमुद्रापलीकडं नाही, रिक्षानं जाऊन चहा पिऊन परत येता येतं. पण तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्यापासून त्याला बावडा लांबचा, गमतीचा आणि पुस्तक लिहिण्याजोगा वाटायला लागला. लांबून सगळंच विनोदी दिसतं. जवळ गेलं की शेणाचा वास येतो.

पुस्तकाचं नाव 'आमच्या गल्लीची शिंगं'. त्यात वाढदिवसाला स्वतःच स्वतःचा फ्लेक्स लावून खाली शुभेच्छुक म्हणूनही स्वतःचाच फोटो छापणारा गडी होता. जन्मात एक जोर न मारता तालमीच्या कट्ट्यावर बसून म्हातारे झालेले पैलवान होते. पाहुण्यानं नको म्हटलं की ते भांडण समजून आणखी रस्सा वाढणारी मावशी होती. आणि या सगळ्यांच्या मधोमध 'मी' नावाचा एक शहाणा, शांत, चष्मेवाला निवेदक होता. तो कधी पडत नव्हता, कधी घाबरत नव्हता, आणि प्रत्येक प्रसंगात शेवटचं वाक्य त्याचंच होतं.

त्याची बायको स्वप्नाली नेसरी गावची. तिनं छापायच्या आधी सगळं वाचलं आणि भाकरी थापता थापता निकाल दिला. "ह्यात सगळी खुळी आणि तुम्ही एकटं शाणं. वाचणाऱ्यानं तुम्हाला बघितलं नसलं म्हणजे बरं."

धैर्यशीलनं ते मनावर घेतलं नाही. प्रकाशनाच्या दिवशी पाहुण्यांनी भाषणात त्याला मातीशी नाळ जोडलेला लेखक म्हटलं. त्या वेळी हा नाळवाला लेखक बुटाला लागलेला चिखल खुर्चीच्या पायाला पुसत होता. घरात त्याची माती म्हणावी तर गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत होती तेवढीच, आणि तिलाही पाणी स्वप्नालीच घालायची.

पुस्तक चाललं. पोरं क्लासमध्ये येऊन सांगायची, सर, नववं प्रकरण म्हणजे नाद खुळा. आणि नेमकं त्या नवव्या प्रकरणानंच घोळ केला.

आता हे प्रकरण कळायचं तर बावड्याचा दिवाळी पाडवा माहीत पाहिजे. त्या दिवशी म्हशींचा सण. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ, आणि सगळा गाव बघायला जमला की म्हैस पळवायची. पळवायची म्हणजे मारून नाही. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घेऊन सुसाट पुढं जातो आणि दावं-बिवं काही नसताना म्हैस त्याच्या मागं धावत येते. आपल्या माणसाच्या मागं येते, दुसऱ्याच्या नाही. वर्षभर तिला कसं सांभाळलंय त्याचा निकाल तिथं लागतो. ज्याची म्हैस बसते, म्हणजे मागं येत नाही, त्यानं पुढच्या पाडव्यापर्यंत मान वर करून फिरू नये, असा रिवाज आहे.

धैर्यशीलचा थोरला भाऊ आण्णा. आई-वडील लवकर गेले, तेव्हापासून धैर्यशीलला आण्णानंच दूध विकून शिकवलं. आण्णाची म्हैस चंद्रा. पहिलारू, म्हणजे पहिल्या वेताची, होती तेव्हापासून एकही पाडवा असा गेला नाही की ती आण्णाच्या मागं धावली नाही.

ती पहिलारू असतानाची गोष्ट. पाडव्याच्या आधी साखर कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर सकाळी सराव चालायचा. एक दिवस आण्णाच्या पायाला कुरूप झालं होतं म्हणून तो म्हणाला, आज गाडी तू घे. धैर्यशीलनं गाडी घेतली. सायलेन्सर नसल्यानं मागचं काही ऐकू येईना, पण आपल्या मागं म्हैस उधळत येतेय याबद्दल त्याला काडीची शंका नव्हती. दोन्ही बाजूंना ऊस होता, बघायला कुत्रं नव्हतं, तरी हा गडी एक हात वर करून उसाला अभिवादन करत पार पुलापर्यंत गेला. तिथं ऐटीत वळला आणि बघतो तर रस्ता मोकळा. चंद्रा जागची हलली नव्हती. आण्णाच्या शेजारी उभी राहून बांधावरचं गवत खात होती.

आण्णा एवढंच म्हणाला, "जाऊ दे. कुणी बघितलं न्हाय." त्यानंतर त्यानं हा विषय कधी काढला नाही, ना घरात ना गल्लीत.

हाच प्रसंग नवव्या प्रकरणात होता. फक्त गाडीवर 'मी' नव्हता. गाडीवर होते गल्लीतले दूधवाले तात्या, उसाला अभिवादन करत होते तात्या, आणि चष्मेवाला निवेदक म्हशीजवळ उभा राहून शांतपणे म्हणत होता, "तात्या, म्हैस इथंच आहे." असं आहे बघा, फजिती स्वतःची असली की माणसाला लिहायला जड जातं. तीच दुसऱ्याच्या अंगावर घातली की भाषा कशी पाण्यासारखी वाहते.

धैर्यशीलनं काळजी घेतली नव्हती असं नाही. आण्णाचं तात्या केलं, वहिनीचं माई केलं, गल्लीचं नाव बदललं, दारातला कडुलिंब तोडून तिथं चिंच लावली. चंद्रा मात्र चंद्राच राहिली. तिचं नाव बदलावं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. म्हशीला कोण ओळखतंय? आणि हे कुणाला वाटावं, तर बावड्यात जन्मलेल्या माणसाला. बावड्यात आण्णाला निम्मी माणसं 'चंद्राचा आण्णा' म्हणून ओळखत होती. चौगल्यांची घरं चिक्कार, पण चंद्रा एकच.

दिवाळीला पंधरवडा राहिला होता तेव्हा वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, औंदा चंद्राला पाडव्याला काढायची न्हाय म्हणून बसल्यात हे. चाळ, माळ सगळं माळ्यावर टाकलंय."

"का? आजारी आहे का चंद्रा?"

"ती बरी हाय. ह्यांनाच लोकं जगू देईनात. डेअरीत दूध घालाय गेलं की म्हणत्यात, आण्णा, मागं बघा, म्हस आली न्हवं? परवा मयतीला गेलते तर तिथंबी एकानं इचारलं."

धैर्यशीलनं विचारलं, "आण्णांनी पुस्तक वाचलं?"

"मीच वाचून दाखवलं की रोज जेवण झाल्यावर. पोट धरून हसायचे. आपल्या भावानं लिवलंय म्हणून चार जणांना बोलवून ऐकवायचे. नववं आलं आणि मधीच उठून वैरण घालाय गेले. तवापासनं तुमचं नाव घेतलं न्हाय."

फोन ठेवून धैर्यशील स्वप्नालीला म्हणाला, "साहित्यात असं चालतं. अनुभवाचं रूपांतर करावं लागतं."

"साहित्यात चालत असंल," स्वप्नाली म्हणाली, "डेअरीत चालंना की."

दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो बावड्याला गेला. रिक्षात त्यानं तीन-चार वाक्यं तयार केली होती. एकात 'सर्जनशील स्वातंत्र्य' असा शब्द होता. आण्णा गोठ्यात चंद्राची धार काढत बसला होता. त्यानं वर बघितलं, बुटांकडं बघितलं आणि परत खाली मान घालून म्हशीला म्हणाला, "चंद्रे, सर जरा. राजारामपुरीचं पावणं आल्यात. बूट खराब हुतील त्यांचं."

पावणं. कोल्हापुरात रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला म्हणतात तो शब्द. ज्या भावानं खांद्यावर बसवून जोतिबाला नेलं होतं त्यानं सख्ख्या भावाला पावणं म्हटलं. सर्जनशील स्वातंत्र्य कुठल्या कुठं गेलं आणि पेढ्यांचा बॉक्स तेवढा हातात राहिला.

"आण्णा, चुकलो मी."

"चुकायचं काय त्यात? पुस्तक झ्याक हाय." चरवीत धारा पडत होत्या. "लोकं हसत्यात. हसायलाच लिवलंयस न्हवं?"

"मी सगळ्यांना सांगतो. गाडीवर मी होतो म्हणून सांगतो."

"सांग की. कोण खरं मानतंय? भाऊ भावाला झाकतोय म्हणतील."

"मग तुम्ही तरी सांगायचं होतं. डेअरीत त्यांनी विचारल्याबरोबर सांगायचं, तो मी नव्हे, तो हा आमचा शहाणा. इतकी वर्षं कुणाला बोलला का नाही तुम्ही?"

आण्णानं धार थांबवली आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघितलं. "घरातलं गल्लीत सांगायचं असतंय व्हय?"

धैर्यशीलनं तर गल्लीतच काय, जिल्ह्यात सांगितलं होतं, तेही उलटं करून. तो तसाच शेणात बूट रुतवून उभा राहिला. मग त्याच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि आयुष्यात आलेल्या बऱ्याच कल्पनांसारखी तीही त्याला फार हुशारीची वाटली.

"पाडव्याला गाडी मी घेतो," तो म्हणाला. "चंद्रा काय माझ्या मागं यायची नाही. सगळ्या गावाला दिसेल, कुणाच्या मागं येत नाही ती."

"आणि माझी म्हस चारचौघांत बसवतोस?" आण्णाचा आवाज चढला. "तुझी लाज धुवायला माझ्या जनावराला नाव ठेवून घिऊ? गप घरला जा. कोण पळवायची न्हाय आणि कोण बसवायची न्हाय."

दारातून वहिनी म्हणाल्या, "तुमच्या भावाभावांच्या रागापायी तिनं का दावणीला बसायचं? वर्साचा सण हाय तिचा." तेवढ्यावर आण्णा जरा नरमला. ओवाळून आणू, लोकांना दाखवू, पण पळवायची नाही, असं ठरलं.

पाडव्याच्या दिवशी चंद्रा अशी सजली होती की नवरीनं बाजूला व्हावं. शिंगांना लाल रंग, वर मोरपिसं, आणि पाठीवर केस कातरून तिचं नाव काढलेलं. धैर्यशीलला वहिनींनी झेंडूची माळ लावलेला फेटा बांधला. फेटा बांधल्यावर तो शूर दिसतो असं त्याला लहानपणापासून वाटत आलेलं. स्वप्नालीचं मत वेगळं होतं, पण सणासुदीचं ती बोलली नाही.

मैदानावर तोबा गर्दी. माइक आकारामच्या हातात. हा तालमीच्या कट्ट्यावरचा बोलका गडी, पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणात तो होता आणि त्याबद्दल त्याला फार अभिमान होता. एकेक म्हैस येत होती, गाड्या फटफटत होत्या, शिट्ट्या पडत होत्या. आण्णा चंद्राला घेऊन कडेला उभा राहिला, आणि आकारामची नजर गेली.

"मंडळी, पुस्तकात गाजलेली चंद्रा मैदानावर आलेली हाय. मालकांनी चालताना मधनं मधनं मागं बघावं, एवढी इनंती."

सगळं मैदान हसलं. आकारामच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याचा स्वभावच तसा. पण आण्णानं मान खाली घातली. धैर्यशीलनं ती मान कधी खाली गेलेली बघितली नव्हती. आईबाप गेले तेव्हा नाही, महापुरात गोठा वाहून गेला तेव्हा नाही. आणि ती आता त्याच्या एका विनोदी प्रकरणानं खाली गेली होती. त्याला स्वतःची भयंकर चीड आली. त्यानं जाऊन आकारामच्या हातातला माइक घेतला.

"पुस्तकातला तो माणूस मी आहे," तो म्हणाला. "आण्णा नव्हे. म्हैस माझ्या मागं आली नव्हती. मी खोटं लिहिलं."

मग आकारामनं गहिवरून माइक परत घेतला. "भाऊ असावा तर असा. भावाची फजिती आपल्या अंगावर घेतली बघा." टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन म्हाताऱ्यांनी डोळ्याला पदर लावला. आण्णा म्हणाला होता तस्सं झालं, आणि वर धैर्यशीलचा मोठेपणा फुकटात वाढला.

आता शब्दांनी भागणार नव्हतं. आण्णाची गाडी शेजारीच उभी होती. धैर्यशील तिच्यावर बसला.

"उतर खाली," लांबून आण्णा ओरडला.

धैर्यशीलनं किक मारली. गाडी चालू झाली नाही. फेटा डोळ्यावर आला तो मागं सारून आणखी दोन-चार मारल्या, तेव्हा कुठं ती कानठळ्या बसवत पेटली. तो निघाला. आणि नवल म्हणजे त्याला अजिबात भीती वाटेना. जन्मभर तो फजितीला घाबरला होता. आज फजिती करून घ्यायलाच निघाला होता, मग भ्यायचं कशाला? त्यानं एक हात वर केला. उसाला केलं होतं तसंच लोकांना अभिवादन केलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, फेटे उडवले. हसा, धैर्यशील मनात म्हणाला, मागं म्हैस नाही, बघून घ्या आणि पोटभर हसा.

मग समोरची माणसं बाजूला पळायला लागली. एका बाईनं पोर उचललं आणि धैर्यशीलच्या खांद्यावरून मागं बघत ती ओरडली. त्यानं वळून बघितलं.

चंद्रा मागं होती. लांब नव्हे, मागच्या चाकाला लागून. लाल शिंगं खाली, मोरपिसं मागं पडलेली, आणि तिचा गरम श्वास पाठीला लागत होता. धैर्यशीलनं तोंडातून जो आवाज काढला तो व्याकरणात कुठंच बसत नाही. पुढं स्वच्छ बावड्याच्या मराठीत तो ओरडला, "आण्णा, धरा की वो हिला. मेलो मी."

गाडी डावीकडं गेली, फेटा उजवीकडं गेला आणि लेखक उसाच्या वाढ्याच्या ढिगात तोंडावर गेला. चंद्रा तशीच सुटली होती. तेवढ्यात मैदानाच्या त्या टोकाकडून आण्णाची हाळी आली, "चंद्रेऽ, हो." एवढीच. म्हैस जागेवर थांबली. जराशी फुसफुसली, आणि धैर्यशीलच्या पोटाखालचं वाढं ओढून खायला लागली. वाढं संपत आलं तेव्हा फेट्याची झेंडूची माळ खाल्ली.

आता मात्र मैदान जे हसलं ते कारखान्यापर्यंत ऐकू गेलं असेल. आकाराम माइकवर बोलायचा प्रयत्न करत होता, पण त्याला उचकी लागली होती. "मंडळी," शेवटी तो म्हणाला, "पुस्तकातला माणूस घावला. ह्योच त्यो, हात वर करणारा. आणि आण्णा, तुमच्या हाळीला मानलं. एका हाळीत गाडीमागं सोडली, एका हाळीत थांबवली, तुम्हाला गाडीबी लागली न्हाय." लोकांनी आण्णाला उचलायला धाव घेतली. आण्णानं सगळ्यांना बाजूला केलं आणि तो त्या जुन्या कुरूपाच्या पायानं लंगडत वाढ्याच्या ढिगाशी आला.

"लागलं काय रं, धैर्या?"

धैर्या म्हणाला. पावणं नव्हे, धैर्या. पडलेल्या माणसाला इतकं बरं वाटू नये, पण वाटलं. गुडघा फुटला होता, चष्म्याची एक काच गेली होती.

"कशाला सोडली तिला?" धैर्यशीलनं विचारलं. "बसू द्यायची होती. मी ठरवून आलतो."

"माझी म्हस कुणाच्या ठरवण्यानं बसत नसती." आण्णानं त्याच्या केसातलं पाचट काढलं. "आणि मर्दा, तुझी फजिती व्हायला म्हस कशाला बसाय पायजे? तू एकटा बास हाईस."

मग तो हसला. आधी मिशीत हसला आणि नंतर आवाज करून, वहिनी पुस्तक वाचून दाखवताना हसायचा म्हणे तसा. धैर्यशीललाही हसू फुटलं, हसता हसता गुडघा दुखला, आणि डोळ्यातून पाणी यायला तेवढं निमित्त पुरलं.

आण्णानं चंद्राच्या पाठीवर हात टाकला. "एक सांगायचं राहिलं. पुस्तकात तू लिवलंयस, गाडी कारखान्याच्या फाटकापतोर गेली. फाटकापतोर न्हवं, पार पुलापतोर गेलतास. हात वर करून. मी मागनं बघत हुतो."

"दुसरी आवृत्ती निघेल," धैर्यशील म्हणाला. "पूल घालतो. चंद्राचं नावही बदलतो."

"तिचं कशाला?" आण्णा म्हणाला. "म्हशीचं बरोबर हाय. माणसाचं बदल."